गोळी त्यांची, स्वप्न माझं

माझी नात रेणू रोज मोबाईलवर तुमचे सगळ्यांचे अनुभव वाचते आणि जेवताना मला ऐकवते. कुणाला वाडीच्या वळणावर बाई दिसली, कुणाला बंद खोलीत पैंजण ऐकू आले... मी म्हणते, "अगं, त्या बाईला बस मिळाली नसेल, आणि पैंजण नाही, उंदीर असेल." रेणू चिडते. म्हणते, आजी, तू फारच कोरडी आहेस.

कोरडी होतेच मी. छत्तीस वर्षं सरकारी नर्स होते, त्यातली बावीस नवेगाव बांधच्या पुढे सहा-सात किलोमीटर आत असलेल्या एका गावच्या उपकेंद्रात. गावाचं नाव लिहीत नाही, तिथे अजून आमची माणसं आहेत. भुताखेतांवर माझा विश्वास कधीच नव्हता. नुसता नव्हता असं नाही, तो दुसऱ्यांचाही राहू नये म्हणून मी कंबर कसून फिरायची. कुणाच्या लेकराच्या दंडाला भगताचा दोरा दिसला की मी आधी दोरा कापायची, मग ताप मोजायची. तोंडाने वर बोलायचीही, "दोऱ्याने ताप उतरला असता तर सरकारने मला दोऱ्याचं रीळच दिलं नसतं काय?" बाया घाबरून हसायच्या. मला वाटायचं, काय मी हुशार! आज ती एक्कावन्न वर्षांची सिस्टर रस्त्यात भेटली ना, तर तिला दोन शब्द ऐकवल्याशिवाय सोडणार नाही.

हे सगळं २००४ सालचं आहे. गोंदिया जिल्हा होऊन पाच वर्षं झाली होती, पण म्हातारी माणसं अजून "भंडाऱ्याला अर्ज द्या" म्हणायची.

आमच्या यांचं नाव सुखराम. जन्मभर नाव घेतलं नाही, आता ते नाहीत तर घेते, रागावायला तरी येतील. आम्ही ढिवर. मासेमारी आणि तलाव हेच आमच्या जातीचं जगणं. त्यात मी मात्र गोंदियाची, बाप राईस मिलमध्ये कामाला, त्यामुळे मला पोहता तर येत नव्हतंच, पण गुडघाभर पाण्यातही माझे पाय लटपटायचे. सासरी आल्यावर सासू म्हणाली होती, "ढिवराची पोर अन् पाण्याले भिते, हे तर मासोळीनं चिखलाले नावं ठेवल्यासारखं झालं."

सुखराम गावच्या तलावाचे पाणकर, म्हणजे शेतांना पाणी सोडणारे, होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे धानाला पाणी गावच्या जुन्या तलावातून मिळतं. तलावाच्या पाळीच्या, म्हणजे मातीच्या बांधाच्या, आतल्या बाजूला पाण्यात दगडी पायऱ्या असतात आणि प्रत्येक पायरीत मांडी जाईल एवढं भोक. त्यात लाकडाचा बुच ठोकलेला. याला तुडूम म्हणतात. तलाव जसजसा उतरतो तसतसा खालच्या पायरीचा बुच काढायचा, म्हणजे पाणी पाटाने शेतात जातं. ते काढायला दोघं बुडी मारतात. एक जण बुचाभोवतीचा गाळ, मुळं हाताने साफ करतो, आणि झालं की दगडावर दगड दोनदा ठोकतो. ठक् ठक्. म्हणजे, मी बाजूला झालो. मगच दुसऱ्याने बुच ओढायचा. दोन ठोके ऐकल्याशिवाय ओढायचा नाही, हा नियम. कारण बुच निघाला की त्या भोकाला जी ओढ लागते, ती माणसालाही आत घेते.

आमचे थोरले भासरे, म्हणजे सुखरामचे मोठे भाऊ मनिराम, याच तुडुमात गेले. माझ्या लग्नाच्या चार वर्षं आधी. घरात एवढंच सांगायचे, "पाय अडकला, गेला." पुढे कुणी विचारत नसे. मीही नाही.

तर २००४ च्या मे महिन्यात सुखराम तेंदूपत्ता तोडून आले आणि अंगणातच बसले. घाम बघूनच मी ओळखलं. गोंदियाला आठ दिवस दवाखान्यात होते. वाचले. सुट्टी देताना डॉक्टरांनी मूठभर गोळ्या दिल्या, त्यात एक मेटोप्रोलॉल होती, पंचवीसची. हृदयाची धडधड आवरणारी गोळी. डॉक्टरांनी बजावलं, ही कधी मनाने बंद करायची नाही. ऑगस्टमध्ये नाडी जलदच राहते म्हणून ती पन्नासची केली.

मी शहाणी! मेडिकलवाल्याकडून खोक्यातला कागद मागून घेतला. त्या कागदावर मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं, या गोळीने काहींची झोप उडते, काहींना फार स्पष्ट आणि वाईट स्वप्नं पडतात. झालं! दुसऱ्या दिवसापासून मी सकाळी चहाबरोबर चौकशी सुरू केली.

"काय जी, स्वप्न-गिप्न पडलं काय?"

"काई नाई."

"नीट आठवा. घाबरल्यासारखं?"

"अवो, मस्त झोपून राहिलो होतो. तू काऊन उठवून विचारतं?"

आणि खरंच, ते मस्त झोपत होते. हेच मला आधी खटकायला हवं होतं. कारण लग्नानंतर तीस वर्षांत मी या माणसाला धान गर्भात असण्याच्या दिवसांत, म्हणजे तलावाचं पाणी सोडायच्या दिवसांत, नीट झोपलेलं पाहिलंच नव्हतं. दरवर्षी ते पंधरा-वीस दिवस त्यांचे वाईट जायचे. झोपेत पुटपुटायचे, "एकच झाला... एकच." मी समजायची, पत्ते खेळून राहिले झोपेत. एकदा तर उठवून म्हटलंही, "दुसरा मी टाकू काय?" ते माझ्याकडे जे बघत राहिले... पण तेव्हाची मी. स्वतःच्याच विनोदावर हसून कूस बदलून झोपले.

गोळी पन्नासची झाल्यावर आठवडाभरात स्वप्न सुरू झालं. मला.

लोकांची भुतं रात्री येतात म्हणतात. माझं दुपारी दोनला यायचं. उपकेंद्रातून घरी आले, दोन घास खाल्ले, चटईवर आडवी झाले की आलंच. हिरवं पाणी. डोक्यावर, कानात, सगळीकडे. कानांना दडे बसल्यासारखे. माझा हात शेवाळलेल्या दगडावर, आणि तो हात माझा नाही. मनगटावर केस, बांगड्या नाहीत. दुसऱ्या हातात लाकडी बुचाची दांडी. मी कशाची तरी वाट बघते आहे आणि छाती फुटायला आली आहे. मग पाण्यातून आवाज येतो... ठक्. एकच. आणि मी ओढते. सगळा तलाव एकदम श्वास आत घेतो. समोरच्या गढूळ पाण्यात एक हात येतो, मी तो पकडते. त्या हाताच्या पंजाला चिंधी गुंडाळलेली असते, निळ्या रेघांची. चिंधीतून पिवळं काहीतरी पाण्यात सुटत जातं, हळदीसारखं. आणि मग माझ्या मुठीत नुसती चिंधीच असते.

उठायची तेव्हा श्वास असा लागलेला असायचा की शेजारची विचारायची, "सिस्टर, धावत आल्या काय?"

पहिल्या दिवशी म्हटलं, वय. त्या वयात बायकांना काय काय होतं, मीच तर गावाला सांगत असे. दुसऱ्या दिवशी म्हटलं, जेवून लगेच आडवं होऊ नये. तिसऱ्या दिवशी दुपारी झोपलेच नाही, तर पहाटे आलं. मग रोज. मला तर तेव्हा असंही आठवलं की मे-जूनमध्ये, पंचवीसच्या गोळीवरही, मी अधूनमधून दम लागून उठत होते, पण ते पुसट होतं... तहान लागून उठावं तसं. मी लक्ष दिलं नव्हतं. लक्ष द्यायला मी काय अडाणी होते?

तीन आठवडे असे गेले. झोप नाही, डोळ्यांखाली काजळ न लावता काळं. एका लसीकरणाच्या दिवशी मी एका लेकराला लस टोचली, वही बाजूला ठेवली आणि पुन्हा सिरिंज भरून त्याच लेकराच्या मांडीशी गेले. अंगणवाडीच्या बाईने माझं मनगट धरलं. नुसतं धरलं. बोलली असती तर बरं झालं असतं.

त्या दिवशी मी घाबरले. दुसऱ्या दिवशी सुखरामची तपासणी होती म्हणून त्यांना घेऊन गोंदियाला गेले, आणि त्यांना बाहेर बसवून डॉक्टरांना सगळं सांगितलं. डॉक्टर तरुण, हिंदी बोलणारे, माणूस चांगला. त्यांनी चष्मा वर केला.

"सिस्टर, दवा उन्होंने खाई और सपना आपको?"

"हो डॉक्टरसाहेब."

"गलती से आप तो नहीं खा रहीं?"

हा प्रश्न मी स्वतःला आधीच विचारला होता. पाकीट उलटंपालटं करून तारखेवार गोळ्या जुळवून पाहिल्या होत्या. एकही इकडची तिकडे नव्हती. माझं रक्त तपासलं, नाडी तपासली. ते म्हणाले, "पति की फिक्र है, और कुछ नहीं. कागज पर जो लिखा है वो उनके लिए है, आपके लिए नहीं." आणि हसले. मीही हसले. त्यांच्या जागी मी असते तर मीही असंच म्हटलं असतं, वर दोऱ्याचा विनोदही केला असता.

आता जे लिहिते ते मी आजपर्यंत कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलाला नाही, देवाला मुद्दाम सांगावं लागत नाही म्हणून त्यालाही नाही.

मी त्यांची गोळी अर्धी केली.

डोकं कसं चाललं बघा माझं. पन्नासची झाल्यापासून मला हे जोरात येतं, पंचवीसला पुसट होतं. मग पुन्हा पंचवीस केली तर काय बिघडलं? आधी पंचवीसच तर होती! नर्सला एवढंही कळत नाही काय? डॉक्टरने ती का वाढवली होती, हे मला पाठ होतं. पण झोप न मिळालेल्या माणसाला जे पाठ असतं ते आठवत नाही, जे हवं असतं तेच आठवतं. आणि खरं सांगायचं तर तेही आठवत होतं.

सासूचा एक जुना अडकित्ता होता. एका बाजूची मूठ तुटलेली, तिला तांब्याची तार गुंडाळलेली. ते वाडीत कोंबड्या हाकायला गेले की मी मोरीपाशी पाठमोरी बसायची आणि त्या अडकित्त्यात गोळी धरायची. कट्. अर्धी डबीत, अर्धी मोरीत. ते सकाळी सगळ्या गोळ्या मुठीत घेऊन डोळे मिटून तोंडात टाकायचे, बघायचेही नाहीत. "तू देतं ना, मग काय पाहाचं?" असं म्हणायचे.

आणि मला झोप लागली! पहिल्याच दिवशी स्वप्न लांब गेलं, जसं कुणी दार ओढून घ्यावं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तर नुसतं हिरवट काहीतरी. मी पोटभर झोपले. उपकेंद्रात माझा आवाज पुन्हा खणखणीत झाला. एका भगतालाही झापलं.

सहाव्या दिवशी पाणी सोडायचं होतं. त्यांना बुडी मारायला मनाई होती, पण पाणकर म्हणून पाळीवर उभं राहणं त्यांनी सोडलं नव्हतं. गावची दोन जवान पोरं पाण्यात उतरली. पाण्यावर तांदूळ टाकून झाले. मी उपकेंद्राच्या पायरीवरून बघत होते. सुखराम पाळीवर पालथे पडून, पाण्याला कान लावून दोन ठोक्यांची वाट बघत होते. आणि ते उठेचनात.

धावत गेले तर तोंड राखेसारखं, हात छातीवर. एका पोवार पाटलांची जीप होती, त्यांनी आतली पोती उतरवून ठेवली आणि आम्हाला घातलं. गोंदियापर्यंत मी त्यांची नाडी धरून होते. जीपमध्ये ते एवढंच बोलले, "दोन झाले काय वो?" मी म्हटलं, "हो जी, दोन झाले. पोरं बाहेर आली." मी ऐकलं नव्हतं. मी तर झोप झाल्याच्या आनंदात पायरीवर उभी होते.

दवाखान्यात तेच डॉक्टर. "गोली छूटी थी क्या?"

मी म्हटलं, "नाही."

आणि खाटेवरून, नळ्या लावलेल्या अवस्थेत सुखराम म्हणाले, "साहेब, तिच्या हातून गोळी चुकतच नाई."

अडकित्ता मी परतल्यावर तलावात टाकला. पाण्याला भिणारी मी, पाळीच्या कडेपर्यंत गेले आणि जमेल तेवढा लांब फेकला. डॉक्टरांनी पूर्ण पन्नास पुन्हा सुरू केली. मी रोज अख्खी गोळी माझ्या हाताने त्यांच्या जिभेवर ठेवायची. ते म्हणायचे, "मी लेकरू आहो काय?" चौथ्या दिवशी दुपारी दोनला हिरवं पाणी परत आलं, तसंच, ठोक्यासकट. त्या दिवशी मला त्याचा राग आला नाही. म्हटलं, ये बाबा. तू आलास म्हणजे गोळी पोचली.

पण त्या पाण्यात काय आहे, हे आता मला माहीत करून घ्यायचं होतं. एका सकाळी ते ओसरीवर जाळं विणत बसले होते. मी तांदूळ निवडत होते. मान खाली घालूनच विचारलं,

"काय जी, भासऱ्यांच्या हाताले चिंधी होती काय? निळ्या रेघांची?"

त्यांच्या हातातली सुई थांबली. मग म्हणाले, "तुले कोनं सांगतलं?"

"कोणी नाही."

"कोनाले मालूमच नाई ते. सकाळी गळ रुतला होता दादाच्या हातात. म्या हळद भरून बांधली. माह्याच लुंगीची चिंधी होती." मग माझ्याकडे बघून, जसं मी त्यांच्या अंगात हात घातला असावा तसं, "तू काऊन विचारून राहिली?"

मी सगळं सांगितलं. पाणी, दांडी, एकच ठोका. अडकित्ता सोडून सगळं. ते ऐकत होते आणि हळूहळू त्यांचा चेहरा असा झाला, जसा मी कधी कुण्या पेशंटचाही पाहिला नव्हता. कारण ते त्यांचं स्वप्न होतं. पस्तीस वर्षं दरसाल पाणी सोडायच्या दिवसांत पडणारं, शेवाळापासून चिंधीपर्यंत तेच. या साली पहिल्यांदा पडलं नव्हतं. त्यांना वाटलं होतं, गोळीनं गेलं.

"एकच ठोका आयकला म्या," ते म्हणाले. "दम नाई निघाला. वाटलं, दुसराबी झाला असन, मलेच आयकू नाई आला. ओढला." जाळं त्यांच्या मांडीवर तसंच. "हात धरला होता दादाचा. मंग नाई. आता म्या सोडला का चिंधी सरकली, ते मालूम नाई मले. पस्तीस साल झाले, तेच पाहून राहिलो. दरखेपी तिथंच जाग येते."

मग त्यांनी मला विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा हा माणूस माझ्याकडे असं काही मागत होता.

"तुले दिसलं काय? कोनं सोडलं?"

खरं सांगते. मला दिसलं नव्हतं. मलाही दरवेळी तिथेच जाग यायची. मुठीत चिंधी असायची, पण ती कशी आली हे मलाही कळलं नव्हतं. पण तोंडाची फटकळ म्हणून गावात नाव काढलेल्या बाईने त्या वेळी जराही न चाचरता ठोकून दिलं, "दिसलं तर! चिंधी सरकली. तुमी मूठ आवळूनच होते. नखं रुतली होती तुमची."

"नक्की?"

"नर्स आहो मी. हात सोडणं अन् हात सरकणं, फरक नाही काय कळत?"

त्यांनी जाळं गुंडाळून ठेवलं. उठून वाडीत गेले. दुपारी जेवताना भात दुसऱ्यांदा मागून घेतला, एवढंच.

त्यानंतर ते अकरा वर्षं जगले. गोळी चालू. ते झोपायचे, मी बुडायची. सांगून टाकल्यावर ते थांबलं का, असं तुम्ही विचाराल. नाही थांबलं. फक्त आता त्यांना माहीत होतं. पाणी सोडायचे दिवस आले की ते दुपारी माझ्या चटईजवळ बसून जाळं विणायचे आणि माझा श्वास बदलला की खांद्याला हात लावायचे. "ऊठ वो, बाहेर ये." एवढंच. तुडुमाला नंतर लोखंडी गेट बसलं, चाक फिरवलं की पाणी, बुडी मारायचं कामच राहिलं नाही. तरी मी बुडतच होते. २०१५ च्या हिवाळ्यात एका दुपारी ते झोपेतच गेले, चेहरा शांत. त्या दिवसापासून मला ते स्वप्न एकदाही पडलेलं नाही. मला त्याची आठवण येते, हसा हवं तर.

इथवरचं मी कधीच लिहिलं नसतं. म्हटलं असतं, नवरा-बायको तीस-बत्तीस वर्षं एका छपराखाली, ऐकलेलं-न ऐकलेलं डोक्यात जातं, चिंधीचं ते कधी झोपेत बोलले असतील. असं मी स्वतःला समजावून ठेवलं होतं, आणि जमत होतं.

आता मी गोंदियाला मुलाकडे असते. दोन महिन्यांपूर्वी माझ्याही छातीत कळ आली. डॉक्टर आता दुसरे, गोळी मात्र तीच. पन्नासची. मी घरी आले आणि वाट बघत राहिले, आता बघू मला काय पडतं! काही नाही. इतकी गाढ झोप मला लग्नाआधीही लागली नव्हती.

रेणू माझ्या खोलीत झोपते. वीस वर्षांची आहे, कॉलेजला जाते. गेल्या महिन्यापासून तिच्या डोळ्यांखाली काळं दिसतं. मी म्हटलं मोबाईल. तिची आई म्हणाली परीक्षा. परवा सकाळी पोहे खाताना ती म्हणाली,

"आजी यार, मला रोज एकच घाण स्वप्न पडतंय."

"काय पडतंय?"

"काही नाही गं, भूत-बित नाही. मी एका मोरीपाशी बसलीय, पाठ करून. हातात ते असतं ना, सुपारी कापायचं? आणि मी त्यात एक छोटी पांढरी गोळी कापते. बस. पण इतकी भीती वाटते ना, की मागून कुणी येईल. अन् कट् असा आवाज होतो, की जाग येते." मग हसली. "कसलं फालतू आहे ना?"

मी विचारलं, कारण विचारल्याशिवाय राहवलं नाही, "ते सुपारी कापायचं... कसं होतं?"

"जुनंच काहीतरी. मुठीला तार गुंडाळलेली."

तो अडकित्ता तलावात गेला तेव्हा रेणू सहा वर्षांची होती आणि गोंदियाला होती. आमच्या घरात त्यानंतर अडकित्ता नाही. मी सुपारी खात नाही.

एकदा मनात आलं, माझी गोळी अर्धी करून बघावी, पोरीला झोप तरी लागेल... हो, हात शिवशिवला, म्हातारी झाले तरी अक्कल तेवढीच. पण ते एकदा करून बघितलंय. डॉक्टरला सांगावं, तर तो काय म्हणेल हे मला शब्दशः माहीत आहे. सांगून टाकल्याने थांबतं असंही नाही, ते मी वर लिहिलंच. फक्त सुखरामना माहीत झाल्यावर कुणीतरी बाजूला बसून "बाहेर ये" म्हणायचं, एवढा फरक पडला होता.

म्हणून हे नऊ कागद लिहिले. मला टायपिंग येत नाही. रेणूनेच म्हटलं होतं, "आजी, तुझाही एखादा अनुभव लिही ना, मी टाईप करून टाकते." तिला वाटतंय मी उंदराची गोष्ट लिहिली आहे.

आता दुपारचे दोन वाजून गेलेत. ती आत झोपली आहे आणि तिचा श्वास आत्ताच बदलला, तो आवाज मला ओळखता येतो. तिला उठवते, कागद देते आणि स्वयंपाकघरात जाऊन चहा ठेवते. तिथून टाईपचा आवाज ऐकू येतो. तो कुठल्या ओळीवर थांबेल ते मला माहीत आहे. मग पुन्हा सुरू होतो का, ते ऐकत मी तिथेच बसणार आहे.